प्रकाश, कर्करोग आणि रक्तपेढी

उन्हाचा प्रताप बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला कोणी सांगावयास नको. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या बाजूला वैशाखातले ऊन कसे असते, हे तेथील शेतकऱ्याच्या पाठीला ठाऊक आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर येथे वारा थोडा बरा, इतकेच. हे ऊन आमची कुरडई-पापड वाळविते, धान्यातील कीड घालविते आणि रानात राबणाऱ्याची कातडी काळवंडविते. परंतु प्रकाश हे कर्करोगावरचे औषध होऊ शकते, इतकेच नव्हे तर रक्तपेढीतील रक्त निर्धोक करण्याच्या कामीही तो येतो, असे कोणी म्हटले तर ऐकणारा क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही.

अशा उपचारांच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचावयास मिळतात. त्या वाचून आपल्याकडे दोन प्रकारचे समज होतात. कित्येकांस वाटते, आता कर्करोगाची भीती संपली, एका दिव्याने तो जळून जाईल. कित्येकांस याच्या उलट वाटते, की ही सारी मुंबईच्या व परदेशच्या श्रीमंतांची गोष्ट, खामगाव-लोणारच्या माणसाने त्यात काय पाहावयाचे? आम्हांस हे दोन्ही समज अपुरे वाटतात. या उपचारांच्या मुळाशी एकच साधे तत्त्व आहे. ते नीट समजले म्हणजे हे उपचार काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत हे कोणालाही ठरविता येते. आणि त्यांना जे करता येत नाही, त्यातच आपल्या जिल्ह्याचे काम कोणते ते दिसते.

हळद, चुना आणि कुंकू

हळद पिवळी, चुना पांढरा. दोहोंपैकी एकही तांबडा नाही; परंतु दोन्ही एकत्र आले की तांबडा रंग उमटतो, आणि तो जेथे ते एकत्र आले तेथेच उमटतो. प्रकाशोपचाराचे तत्त्व असेच आहे. एक औषध घ्यावयाचे, जे अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असते. एक प्रकाश घ्यावयाचा, जो एकटा असता काही इजा करीत नाही, किंवा फारच थोडी करतो. शरीरात जेथे औषधही आहे आणि प्रकाशही पोचला आहे, तेवढ्याच जागी मारक क्रिया घडते. बाकीचे शरीर सुखरूप राहते.

हे तत्त्व ध्यानात आले ते काहीसे अपघातानेच. १९०० साली जर्मनीत म्युनिक येथे ऑस्कर राब नावाचा एक विद्यार्थी प्राध्यापक हेर्मान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली काम करीत होता. हिवतापाच्या औषधांचा शोध चालू होता, आणि त्यासाठी अ‍ॅक्रिडिन नावाचे रंगद्रव्य पाण्यातील पॅरामीशियम या सूक्ष्म जीवावर कसा परिणाम करते, हे तो पाहत होता. तेच द्रव्य, तेच प्रमाण. तरी एके दिवशी जीव लवकर मरत, दुसऱ्या दिवशी कितीतरी उशिरा. शोध घेता कळले की ज्या दिवशी आभाळ झाकोळलेले होते त्या दिवशी जीव जास्त वेळ जगले. म्हणजे मारणारे एकटे रंगद्रव्य नव्हते, एकटा उजेडही नव्हता. दोहोंची जोड मारीत होती. पुढे टापाइनर यांनी दाखविले की या क्रियेला प्राणवायूचीही जरुरी असते.

रंगद्रव्याचे काम प्रकाश पकडण्याचे. आमच्या लोणारच्या सरोवराचे पाणी हिरवे दिसते ते त्यातील सूक्ष्म शेवाळामुळे. ते शेवाळ आपल्या रंगाने ऊन पकडते आणि त्यावर आपले अन्न तयार करते. औषधातील रंगद्रव्यही प्रकाश पकडते, परंतु पकडलेली शक्ती ते शेजारच्या प्राणवायूला देऊन टाकते. असा चेतविलेला प्राणवायू अत्यंत उग्र होतो आणि जवळ जे सापडेल ते जाळीत सुटतो. त्याचे आयुष्य मात्र क्षणाच्याही अल्पांशाचे असते. एका पेशीच्या रुंदीच्या लहानशा अंशापलीकडे तो जाऊ शकत नाही. म्हणूनच त्याचा मारा मर्यादित राहतो. शत्रूच्या घरात शिरून तेथेच विझणारी ही आग आहे.

बावचीची गोष्ट

प्रकाश आणि औषध यांची जोड आमच्या देशाला अगदीच नवी नाही. पडीक रानात उगवणारी बावची पुष्कळांनी पाहिली असेल. संस्कृतात तिला बाकुची म्हणतात. तिचे काळे बी कोडावर लावून उन्हात बसावे, हा उपाय वैद्य फार पूर्वीपासून सांगत आले. यात औषध किती आणि ऊन किती, हे त्या काळी कोणी मोजले नव्हते. परंतु दोहोंची सांगड घातली होती, हे महत्त्वाचे. १९३३ साली जॉइस, मंजुनाथ इत्यादी भारतीय रसायनज्ञांनी बावचीच्या बियांची रासायनिक तपासणी करून त्यांतील द्रव्य वेगळे केले. त्या कुळातील द्रव्यांना आज सोरालेन म्हणतात, आणि हे नावही बावचीच्या शास्त्रीय नावावरूनच आलेले आहे.

सोरालेनची क्रिया राबच्या रंगद्रव्याहून थोडी निराळी आहे. प्रत्येक पेशीत तिच्या आनुवंशिक मजकुराची एक पिळाची शिडी असते, तिला डीएनए म्हणतात. पेशीला आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करावयाची असेल तर ही शिडी मधोमध उकलावी लागते. सोरालेनचा कण या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये जाऊन बसतो. अंधारात तो नुसता बसून राहतो. त्यावर अतिनील किरण, म्हणजे पूर्वी आपण ज्यांना जंबुपार किरण म्हणत असू ते, पडले की तो दोन्ही बाजूंना पक्का चिकटतो. शिडीला जणू खिळा बसतो. ती उकलत नाही, आणि त्या पेशीची वाढ खुंटते.

१९७४ साली अमेरिकेत सोरालेन पोटात देऊन आणि मोजून-मापून अतिनील किरण टाकून सोरायसिस या त्वचारोगावर उपचार झाले. १९८७ साली रिचर्ड एडेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेत पसरणाऱ्या एका रक्तपेशींच्या कर्करोगावर याच तत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्याचे रक्त नळीने बाहेर काढावयाचे, त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करावयाच्या, त्यांत सोरालेन मिसळून त्यांवर अतिनील किरण सोडावयाचे आणि मग त्या पुन्हा रोग्यास द्यावयाच्या. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत या उपचारास मान्यता मिळाली.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बावची कर्करोगावर घरच्या घरी घेण्याचे औषध आहे, असा अर्थ यातून कोणीही काढू नये. बावचीचे तेल लावून वैशाखाच्या उन्हात बसणाऱ्याच्या अंगावर भाजल्यासारखे फोड येतात, आणि सोरालेन व अतिनील किरण यांचे उपचार वर्षानुवर्षे चालले तर त्वचेचा कर्करोग होण्याचा संभवच वाढतो. ज्या शस्त्राला धार आहे ते मापानेच वापरावे लागते.

हाताच्या तळव्याआडचा दिवा

आता कर्करोगाच्या गाठीकडे वळू. टापाइनर यांनी १९०३ साली इओसिन नावाचे रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या साहाय्याने त्वचेवरील गाठींवर उपचार करून पाहिले होते. त्याच वर्षी डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करण्याच्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मग हा उपचार सत्तर वर्षे मागे का पडला? एक कारण, क्ष-किरण आणि रेडियम आले. ते शरीरात खोलवर जात. दुसरे कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे, आणि ते प्रत्येकाला घरी पाहता येते.

अंधाऱ्या खोलीत बॅटरी पेटवून तिच्या तोंडावर बोटे घट्ट मिटून धरावी. बोटे तांबडी दिसू लागतात. बॅटरीचा प्रकाश पांढरा, म्हणजे सर्व रंगांचा. पण त्यातील निळा व हिरवा भाग आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याने, हिमोग्लोबिनने, गिळून टाकला, आणि तांबडा तेवढा पलीकडे आला. म्हणून शरीरातील गाठीवर प्रकाश टाकावयाचा तर तो तांबडा हवा, आणि त्या तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंगद्रव्य हवे. इतके करूनही औषधाला जागे करण्याजोगा प्रकाश मांसात काही मिलिमीटर, फार तर सुमारे एक सेंटिमीटर एवढाच पोचतो. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

अमेरिकेतील बफेलो शहरी रॉझवेल पार्क या कर्करोग संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी १९७० नंतरच्या दशकात हे काम नव्याने हाती घेतले. त्यांनी वापरलेले द्रव्य रक्तातील तांबड्या द्रव्याच्याच घराण्यातले होते. त्यातून पुढे फोटोफ्रिन हे औषध आले. १९९३ साली कॅनडात मूत्राशयाच्या आणि १९९५ साली अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. औषध शिरेतून द्यावयाचे, एक-दोन दिवस थांबावयाचे, निरोगी भागातून ते बरेचसे निघून गेले आणि गाठीत राहिले म्हणजे काचेच्या तंतूतून तांबडा लेसर प्रकाश नेमका गाठीवर सोडावयाचा, अशी ही पद्धत आहे. गाठीतील पेशी तर मरतातच, शिवाय तिला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात.

याचीही किंमत आहे. औषध थोडेबहुत त्वचेतही उरते. म्हणून फोटोफ्रिन घेतलेल्या रोग्याने निदान महिनाभर उन्हापासून दूर राहिले पाहिजे, नाही तर अंग भाजून निघते. १९१२ च्या सुमारास फ्रीड्रिख मायर-बेट्स या जर्मन वैद्याने असलेच द्रव्य स्वतःला टोचून घेतले होते, आणि उन्हात जाताच त्याचा चेहरा व हात सुजून गेले होते. ज्याचे पोट उन्हातल्या कामावर आहे अशा आमच्या शेतमजुराला महिनाभर अंधाऱ्या घरात बसा म्हणणे किती अवघड आहे, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून अलीकडे दुसऱ्या एका द्रव्याकडे लक्ष गेले आहे. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे त्याचे नाव. आपले शरीर हिमोग्लोबिनचा तांबडा घटक ज्या कच्च्या मालापासून बनविते तोच हा माल. तो बाहेरून जास्त दिला की कर्करोगाच्या पेशींत अर्धवट बनलेले तांबडे रंगद्रव्य साचते. जांभळ्या-निळ्या दिव्याखाली ते लाल चमकते, म्हणजे रोगाची जागा दिसते. आणि तांबडा दिवा धरला की तेथेच मारक क्रिया होते. हे द्रव्य एक-दोन दिवसांत शरीरातून जाते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तोंडाच्या अगदी आरंभीच्या कर्करोगावर या द्रव्याची लहानशी चाचणी झाली. महागड्या लेसरच्या जागी बॅटरीवर चालणारा साधा दिवा वापरला होता, आणि बहुतेक गाठी उपचारानंतर नाहीशा झाल्याचे आढळले. चाचणी लहान आहे. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच आजही मुख्य उपाय आहेत. तथापि ज्या दिव्याला विजेचीही ददात नाही, तो दिवा उद्या जिल्ह्याच्या रुग्णालयात येऊ शकतो, एवढी आशा बाळगण्यास हरकत नाही.

मात्र तो दिवा कोणासाठी? ज्याची गाठ लहान आहे, उथळ आहे, त्याच्यासाठी. वर आम्ही जो आकडा ध्यानात ठेवावयास सांगितला तो येथे आडवा येतो. खर्रा, गुटखा, तंबाखू-चुना यांच्या सवयीतून तोंडाचा कर्करोग होतो हे आता शाळकरी मुलालाही माहीत आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सवयीवर ती आली असे म्हणता येत नाही. तोंडात पांढरा किंवा तांबडा चट्टा दिसतो, दोन-तीन आठवडे होऊनही जखम भरत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट लागत नाहीसे होते, नव्हे, साधा वरण-भातही झोंबतो. माणूस हे सारे सहन करतो आणि सोयाबीन निघाल्यावर, लग्न उरकल्यावर, दिवाळी झाल्यावर दाखवू म्हणतो. दरम्यान मिलिमीटरांची गाठ सेंटिमीटरांची होते, मानेत अवधाण येते, आणि मग जगातील कोणताही दिवा तिथवर पोचत नाही. केरळात त्रिवेंद्रमच्या परिसरात गावोगाव फिरून, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांकडून नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. २००५ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू अशा तपासणीने सुमारे एकतृतीयांशाने घटले होते. तेथे साधन होते एक बॅटरी आणि पाहणारा डोळा.

पत्ता शोधणारे औषध

प्रकाशाने जागा निवडता येते, पण एकेक पेशी निवडता येत नाही. ते काम दुसऱ्या एका विद्येने साधले आहे. रोगाच्या घरावर नेमके जाऊन पडणारी जादूची गोळी असावी, हे पॉल एर्लिख यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे स्वप्न होते. १९७५ साली कोलर आणि मिल्श्टाइन यांनी एकाच खुणेला ओळखणारी प्रतिद्रव्ये हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली, आणि स्वप्न आवाक्यात आले. पत्रावर पत्ता लिहावा तसे हे प्रतिद्रव्य कर्करोगाच्या पेशीवरील विशिष्ट खूण शोधून तेथे चिकटते. २०२० साली जपानमध्ये एका नव्या औषधास मान्यता मिळाली, त्यात अशा प्रतिद्रव्याला प्रकाश पकडणारे रंगद्रव्य जोडलेले आहे. पत्ता प्रतिद्रव्याने शोधावयाचा आणि ठिणगी तांबड्या प्रकाशाने टाकावयाची. डोके व मान यांतील, इतर उपायांना दाद न देणाऱ्या कर्करोगासाठी ते आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या दिशेने एक मोठे पाऊल पडले आहे. मुंबईच्या आयआयटीतील राहुल पुरवार व त्यांचे सहकारी आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टर यांनी मिळून रोग्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशींना शिक्षण देऊन कर्करोगावर सोडण्याचा उपचार देशातच विकसित केला. रोग्याचे रक्त घेऊन त्यातील टी-पेशी वेगळ्या करतात, त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, त्यामुळे त्या कर्करोगी पेशीवरील खूण ओळखू लागतात, आणि मग त्या परत रोग्याच्या शरीरात सोडतात. नेक्सकार-१९ हे त्याचे नाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. परदेशात ज्या जातीच्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडत, तो येथे त्याच्या लहानशा हिश्शात होऊ लागला. तरी तो हिस्सादेखील लाखांतच मोजावा लागतो. शिवाय तो काही रक्तकर्करोगांपुरता आहे, तोही नेहमीचे उपचार हरल्यावर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीवर तो चालत नाही. बातमी वाचून घरदार विकावयास निघालेल्या माणसास हे कोणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बातमीत येत नाही. उपचार कोणताही असो, कर्करोगाच्या, विशेषतः रक्तकर्करोगाच्या रोग्यास मधल्या काळात दुसऱ्याचे रक्त लागते. औषधांनी त्याच्या अस्थिमज्जेचे काम मंदावते, बिंबाणू कमी पडतात, आणि जखम नसतानाही रक्तस्राव होतो. अशा वेळी त्याचा जीव रक्तपेढीच्या कपाटात असतो.

रक्ताच्या पिशवीवर प्रकाश

दात्याने दिलेल्या एका पिशवीतून मुख्यतः तीन गोष्टी निघतात: तांबड्या पेशी, बिंबाणू आणि पिवळसर रक्तद्रव. या तिहींतून रोगजंतूही जाऊ शकतात. आपल्या देशात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी करावीच लागते. तथापि दात्याला नुकतीच बाधा झाली असेल तर काही दिवस ती तपासणीत दिसत नाही. शिवाय ज्या जंतूची तपासणीच होत नाही तो तर बिनबोभाट जातो. बिंबाणू थंडीत ठेवता येत नाहीत, ते खोलीच्या उष्णतेला पाच दिवस टिकतात, आणि त्याच उष्णतेला एखादा चुकार जंतूही वाढतो.

येथे बावचीची चुलत बहीण कामास आली. अमोटोसालेन नावाचे सोरालेन घराण्यातील द्रव्य बिंबाणूंच्या किंवा रक्तद्रवाच्या पिशवीत मिसळतात आणि तिच्यावर काही मिनिटे अतिनील किरण सोडतात. विषाणू, जंतू, हिवतापाचे परजीवी या सर्वांना वाढावयाचे तर आपला आनुवंशिक मजकूर उकलावा लागतो. त्याला खिळा बसला की ते निष्प्रभ होतात. बिंबाणूंना केंद्रकच नसते, त्यांना वाढावयाचे नसते, म्हणून ते आपले काम करीत राहतात. उरलेले औषध मग गाळून काढतात. बिंबाणूंसाठी ही पद्धत २००२ साली युरोपात आणि २०१४ साली अमेरिकेत मान्य झाली. रक्तद्रवासाठी मिथिलीन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य आणि दृश्य प्रकाश यांचीही पद्धत युरोपात रूढ आहे. या रीतीचा विशेष असा, की जंतूचे नाव माहीत नसले तरी ती त्याला मारते. काही कठीण कवचाचे विषाणू व बीजरूपातील जंतू मात्र तिलाही चुकवितात. आपल्याकडे खर्चामुळे ती अद्याप सर्वसाधारण वापरात आलेली नाही.

आता तांबड्या पेशींचे पाहा. पुन्हा तोच तळव्याआडचा दिवा. रक्ताच्या पिशवीतील हिमोग्लोबिन अतिनील किरण आपणच गिळून टाकते, ते आतवर पोचू देत नाही. जीवनसत्त्व ब-२ आणि अतिनील किरण यांनी संपूर्ण रक्तावर उपचार करून घाना देशात चाचणी झाली, आणि अशा रक्तातून होणारी हिवतापाची बाधा बरीच घटली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्यास प्रकाशशक्ती फार लागते आणि तांबड्या पेशींचे साठवणीतले आयुष्य घटते. प्रकाशावाचून चालणारी रसायनेही तपासली जात आहेत. सांगावयाचे ते इतकेच, की ज्या रक्ताची सर्वांत अधिक मागणी आहे त्या तांबड्या पेशींना प्रकाशाचे सोपे संरक्षण आजमितीस नाही.

हे कोणाच्या जिवाशी आहे? थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी तांबड्या पेशी द्याव्या लागतात, जन्मभर. सातपुड्याच्या आदिवासी जमातींत सिकलसेलचा आनुवंशिक दोष आढळतो, आणि आमच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांची उत्तर कड सातपुड्यालाच टेकलेली आहे. सिकलसेलच्या रोग्यासही वेळोवेळी रक्त लागते. बाळंतपणात रक्त गेलेली बाई, मेहकर-चिखलीच्या रस्त्यावर अपघातात सापडलेला तरुण, या सर्वांना तांबड्या पेशीच हव्या असतात. रक्तातून थॅलेसेमियाच्या मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याच्या दुःखद बातम्या देशाने २०११ साली गुजरातेतून आणि २०२५ साली झारखंडातून ऐकल्या. ज्याला वर्षाला वीस-पंचवीस पिशव्या लागतात, त्याच्यापुढे धोका वीस-पंचवीस वेळा उभा राहतो.

तपासणीच्या आधीची तपासणी

मग त्या मुलाचे रक्षण कोण करतो? तपासणी करतेच, परंतु तपासणीच्याही आधी दाता करतो. पैशासाठी रक्त विकणारा आपला आजार लपवितो, कारण सांगितले तर पैसे बुडतात. म्हणूनच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या अर्जावर निकाल देऊन धंदेवाईक रक्तदान बंद करण्यास सांगितले, आणि १९९८ च्या आरंभापासून ते बंद झाले. नातेवाइकांच्या भिडेखातर आलेलाही पुष्कळदा खरे सांगावयास संकोचतो. जो स्वेच्छेने, वर्षातून दोन-तीनदा, नियमाने रक्त देतो, त्याची प्रत्येक वेळी तपासणी झालेली असते, आणि त्याला लपविण्याचे कारण नसते. त्याच्या रक्ताइतके निर्धोक रक्त दुसरे नाही. अठरा ते पासष्ट वयाचा, निदान पंचेचाळीस किलो वजनाचा, निरोगी, पंडुरोग नसलेला माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने तीन महिन्यांनी व स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावयास हरकत नाही.

येथे वसंताचाही संबंध येतो. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, तरुण मंडळी गावोगाव पांगतात, उन्हामुळे शिबिरे कमी होतात, आणि नेमक्या याच दिवसांत महाराष्ट्रातील रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. रोग काही उन्हाळ्याची सुट्टी घेत नाही. जयंत्या, पुण्यतिथ्या, निवडणुका यांच्या निमित्ताने एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा करण्याची आपल्याकडे हौस आहे. पण तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात आणि बिंबाणू पाच दिवस. एका दिवसाच्या पुरापेक्षा बारमाही झरा बरा, हे विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या आमच्या लोकांना पटावयास अवघड जाऊ नये.

प्रकाशाचा नवा उपचार येत आहे आणि त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. ज्याची गाठ लहान असताना सापडली, त्याच्यासाठी तो आहे. बिंबाणू आणि रक्तद्रव ज्यांना लागतात, त्यांच्यासाठीही तो उद्या येईल. परंतु गाठ लहान असताना शोधण्याचे काम तो करीत नाही, आणि तांबड्या रक्ताची जबाबदारी तो अजून घेत नाही. ही दोन कामे आपल्याकडे राहिली आहेत, आणि दोन्ही या जिल्ह्यात, आजच्या साधनांनी करता येण्याजोगी आहेत. ज्या घरात तंबाखू आहे त्या घरात महिन्यातून एकदा आरशासमोर, उजेडात, जिभेखाली आणि गालाच्या आत पाहावे. चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर पंधरवड्याच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंतवैद्याकडे दाखवावी. तेथून पुढे अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथे जाण्याची वाट आहे. गावच्या तरुण मंडळाने बारा महिन्यांची दात्यांची यादी करून ती आपल्या रक्तपेढीकडे द्यावी, आणि एप्रिल व मे या दोन महिन्यांची नावे सर्वांत आधी भरावी.